पाचोळ्यातला तारा

बाळांनो, मृग लागला की आकाशातले तारे दिसायचे बंद होतात. कारापूरच्या बाजूनं सर येते, आपल्या सर्वणवर ढग टेकतात, खाली साखळीकडे वाळवंटी गढूळ होऊन वाहू लागते. रात्री अंगणात उभं राहून वर पाहावं तर नुसता काळोख. चवथ येईपर्यंत चांदण्यांचं नाव काढायचं नाही, अशी आपल्याकडची रीत. पण नेमक्या याच दिवसांत रानातल्या पाचोळ्याखाली दुसरा एक तारा उगवायच्या तयारीला लागतो. तो आकाशातून पडलेला नसतो. मातीत जन्मतो, मातीवर उमलतो आणि पावसाच्या थेंबाची वाट पाहत बसतो. आज त्याची गोष्ट ऐका.

तो अळमीच्या गोतातला आहे. अळमी म्हटलं की तुमच्या तोंडाला पाणी सुटतं ते रोण अळमीमुळे. पानात बांधून बाजारात येते, घरी तिचं तोणाक होतं, आणि त्या दिवशी जेवायला कुणाला हाक मारावी लागत नाही. ती उगवते वारुळावर. वाळवी लाकूड-पाला चावून आत नेते, त्यावर बुरशी वाढवते आणि ती बुरशी खाऊन जगते. पाऊस पडला की त्याच बुरशीची छत्री वारूळ फोडून बाहेर येते. त्या वारुळालाच आपण सातेरी म्हणून हात जोडतो. आपल्या ताऱ्याला मात्र वाळवी लागत नाही, वारूळ लागत नाही. त्याला लागतो जुना, ओला, कुणी न हलवलेला पाचोळा. शास्त्रज्ञ या कुळाला जिॲस्ट्रम म्हणतात. आपण त्याला भुईतारा म्हणू.

तर भुईतारा सुरुवातीला तारा नसतोच. पाचोळ्याखाली, अर्धा मातीत दबलेला, एक लहानसा गोळा असतो. कुणाचा बोराएवढा, कुणाचा सुपारीएवढा. काही जातींच्या गोळ्याला वर छोटीशी चोच असते. रंग मातीचा, अंगाला पाला आणि कचरा चिकटलेला. पायाखाली आला तरी कळायचं नाही. आणि हा गोळासुद्धा त्याचं सगळं शरीर नव्हे. खरं शरीर असतं बारीक पांढऱ्या तंतूंचं, पाचोळ्याच्या थरांतून दूरवर पसरलेलं. पाचोळा उचलून पाहिलात तर कुजक्या पानांना पांढरे धागे चिकटलेले दिसतात ना, तसल्या तंतूंचं. ते तंतू वर्षानुवर्षं तिथेच राहतात, पानं आणि काटक्या पचवतात. पानातला, लाकडातला सगळ्यांत चिवट भाग म्हणजे लिग्निन. तो पचवण्याची हातोटी प्रामुख्यानं बुरशांकडे आहे. किंदळाचं, आंब्याचं, फणसाचं पान गळतं आणि काही काळानं त्याची माती होते, ती या न दिसणाऱ्या कामकऱ्यांमुळे. गोळा म्हणजे त्या तंतूंनी धरलेलं फळ.

त्या फळाला दोन भिंती असतात. बाहेरची भिंत जाड, आणि ती स्वतःच थरांची. बाहेरच्या अंगाला चिवट तंतूंचा थर, आतल्या अंगाला मऊ, गुबगुबीत पेशींचा थर. या भिंतीच्या आत दुसरी भिंत, कागदासारखी पातळ. ती एक पिशवी असते आणि त्या पिशवीत बीजाणू पिकत असतात. बीजाणू म्हणजे या कुळाचं बी, पण किती लहान! साधारण चार-पाच मायक्रॉन. एका मिलिमीटरच्या रेघेवर दोनशे शेजारीशेजारी बसतील.

बीजाणू पिकले, वरून पाऊस मुरला, की गोळा फुटतो. कसा फुटतो ते ऐकण्याआधी स्वयंपाकघरातून कांद्याच्या पातीची एक जाड नळी मागून आणा. तिच्या टोकाला उभे चार-पाच छेद द्या आणि ती थंड पाण्यात टाकून ठेवा. थोड्या वेळानं पाहा. पातीच्या चिरा बाहेरच्या बाजूला वळून कुरळ्या झालेल्या असतील. कुणी वळवल्या? पाण्यानं. नळीची आतली बाजू मऊ, ती पाणी पिऊन फुगते. बाहेरची साल मेणचट आणि घट्ट, ती तेवढी वाढत नाही. एक बाजू लांब झाली, दुसरी आखूड राहिली, मग वाकण्यावाचून इलाज काय? भुईताऱ्याच्या भिंतीत हेच घडतं. आतला गुबगुबीत थर पाणी ओढून फुगतो, बाहेरचा चिवट थर ताणाला पुरा पडत नाही. भिंत माथ्यावर फाटते. सरळ रेघांत, माथ्यापासून खाली. पाच, सहा, आठ, कधी त्याहून जास्त पाकळ्या होतात आणि त्या एकेक करून मागे वळतात. मधली पिशवी उघडी पडते. वरून पाहिलं तर हुबेहूब तारा.

"आजो, फुटला म्हणजे तो मेला?"

नाही रे बाळा, त्याचं खरं काम आता सुरू झालं. पाकळ्या मागे वळताना वरचा पाला बाजूला सारतात. काही जातींत तर त्या इतक्या वळतात की टोकं जमिनीला टेकतात आणि पिशवी वर उचलली जाते. फोर्निकाटम नावाची एक जात आहे, तिच्या चार-पाच पाकळ्या खाली पाय रोवतात आणि पिशवी त्या पायांवर उभी राहते. युरोपात सतराव्या शतकात कुणीतरी तिचं चित्र काढलं, त्यात चक्क इवली इवली माणसं दाखवली. पाहणाऱ्याला खरोखरच ती पाय फाकून उभी असलेली माणसं वाटली! दुसरी एक जात ट्रिप्लेक्स. तिचा आतला गुबगुबीत थर पाकळीपासून सुटून पिशवीभोवती बशीसारखा राहतो. तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन युंगहून या जर्मन निसर्गशास्त्रज्ञानं १८४० मध्ये केलं, आणि नमुने होते जावा बेटावरचे, म्हणजे आपल्यासारख्याच उष्ण, ओल्या मुलखातले. उमललेला ट्रिप्लेक्स दहा सेंटीमीटरपर्यंत रुंद भरू शकतो. पण सगळे एवढे मोठे नसतात. कुजक्या लाकडावर पांढऱ्या तंतूंची चटई पसरून तिच्यावर घोळक्यानं उगवणारे बोटाच्या पेराएवढे भुईतारेही उष्ण प्रदेशात आहेत.

पिशवीला माथ्यावर एक भोक असतं. कुणाचं कापसाच्या तंतूंनी ओढून धरल्यासारखं, कुणाचं परकराच्या चुण्यांसारखं दुमडलेलं. पिशवी स्वतः बी उधळू शकत नाही. तिला कुणीतरी टिचकी मारायला हवी. ती टिचकी पाऊस मारतो.

थेंब पिशवीवर पडतो. पातळ भिंत आत दबते. आतली हवा भोकातून बाहेर उडते आणि तिच्याबरोबर बीजाणूंचा तपकिरी धूर निघतो. भिंत पुन्हा फुगून जागेवर येते. पुढचा थेंब, पुढचा धूर. आपल्या रानात तर पाऊस थांबल्यावरही काम थांबत नाही. झाडांच्या पानांवरून मोठमोठे थेंब कितीतरी वेळ गळत राहतात, आणि त्यांतला एखादा नेमका पिशवीवर पडतो. भुईताऱ्यासारखीच पिशवी असलेल्या एका गोल बुरशीवर पी. एच. ग्रेगरी या इंग्रज शास्त्रज्ञानं अतिवेगवान चित्रीकरण करून हे सगळं उलगडून दाखवलं, १९४९ साली. डोळ्याला नुसता भप्प दिसणारा धूर थेंबाच्या धक्क्यानं कसा निघतो, ते त्यानं टप्प्याटप्प्यानं पकडलं. मला त्या माणसाचं फार कौतुक वाटतं. पावसाचा एक थेंब आणि एक बुरशी, एवढ्यासाठी त्यानं अतिवेगवान यंत्र लावलं.

आता तुम्ही विचाराल, या धुळीतून नवी बुरशी उगवते हे माणसाला कधी कळलं? त्याचीही गोष्ट आहे. पूर्वी लोकांना वाटायचं की अळंबी कुजण्यातून आपोआप होतात, वीज पडली की उगवतात. इटलीत फ्लॉरेन्स शहरात पिएर आंतोनियो मिकेली नावाचा वनस्पतींचा अभ्यासक होता. त्यानं बुरशांवरची बारीक धूळ भिंगाखाली पाहिली. ती उचलून त्यानं खरबुजाच्या ताज्या फोडींवर पेरली. ज्या बुरशीची धूळ पेरली तीच बुरशी फोडीवर उगवली. १७२९ मध्ये त्यानं हे पुस्तकात छापलं, आणि त्याच पुस्तकात भुईताऱ्यांच्या कुळाला ताऱ्याचं नाव दिलं. त्या काळी सगळ्यांनी त्याचं ऐकलं नाही. पण फोडीवर उगवलेली बुरशी खोटं बोलत नव्हती.

आणखी एक गंमत. भुईताऱ्यासारखा दिसणारा एक तोतयाही आहे. अगदी तसाच गोळा, तशाच पाकळ्या, तशीच मधली पिशवी. त्याचं नाव ॲस्ट्रियस. पर्सून नावाच्या मोठ्या बुरशीतज्ज्ञानं १८०१ मध्ये त्याला भुईताऱ्यांच्याच कुळात बसवलं. १८८९ मध्ये मॉर्गन या अमेरिकनानं त्याला तिथून काढून वेगळं कुळ दिलं. त्याचं बरोबर ठरलं. डीएनए तपासल्यावर दिसलं की ॲस्ट्रियसचे सख्खे नातेवाईक छत्रीखाली बारीक छिद्रं असणाऱ्या अळंब्यांत आहेत, तर खऱ्या भुईताऱ्याचे नातेवाईक आहेत दुर्गंधीनं माश्यांना बोलावणाऱ्या बुरशा. दोघांचे पूर्वज वेगळे. तरी दोघेही आपापल्या वाटेनं ताऱ्याच्या आकाराशी येऊन पोचले, कारण थेंबाकडून बी उधळून घ्यायची ती युक्ती दोघांनाही फळली.

वागण्यात मात्र फरक आहे. बहुतेक भुईतारे एकदा उमलले की उमललेलेच राहतात. ॲस्ट्रियस हवा कोरडी झाली की पाकळ्या मिटून पिशवी झाकून घेतो आणि ओल आली की पुन्हा उघडतो. पाचोळाही तो खात नाही. जिवंत झाडाच्या मुळांना बिलगून राहतो. झाडाला जमिनीतलं पाणी आणि क्षार मिळवून देतो, त्या बदल्यात झाडाकडून साखर घेतो. बस्तरच्या सालवनात त्याचे कोवळे, आतून पांढरे गोळे लोक माती उकरून काढतात. तिकडे त्याला बोडा म्हणतात आणि पहिल्या पावसातल्या बाजारात तो मटणाहून महाग विकला जातो. आपल्या दक्षिणेला मंगळुराकडच्या जांभ्याच्या झुडपी रानांतही तो होतो, लोक खातात, आणि मंगळूर विद्यापीठातल्या अभ्यासकांनी त्यावर बरंच काम केलं आहे. पण बाळांनो, हे ऐकून रानातला कुठलाही गोळा घरी आणायचा नाही. तसेच दिसणारे विषारी गोळे असतात. खरा भुईतारा तर खाण्याजोगाच नसतो, पिकल्यावर चामड्यासारखा चिवट होतो.

"मग आजो, आपल्या सर्वणात भुईतारा शोधायचा तर कुठे?"

हा प्रश्न मला सगळ्यांत आवडला. सह्याद्रीच्या रानांत भुईताऱ्यांच्या अनेक जाती नोंदल्या गेल्या आहेत, आणि त्यांना जे लागतं ते आपल्याकडे आहे. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आहे. पाणी न साठवणारी जांभ्याची जमीन आहे. फक्त जागा बरोबर निवडायला हवी. उघड्या सड्यावर जाऊ नका, तिथे पाचोळा टिकत नाही. बांबूच्या जुन्या बेटाखाली पाहा, जिथे पानांचा थर पायाला गादीसारखा लागतो. जुन्या आंब्याच्या बुंध्याशी पाहा. कुळागराच्या कडेला, जिथे झावळ्या नि पोफळीची पानं कुजत पडतात, तिथे पाहा. पडलेलं, मऊ झालेलं लाकूड दिसलं तर त्याच्या पोटाशी वाकून पाहा. आणि सगळ्यांत आधी देवराईत पाहा, चपला बाहेर काढून. देवराईतली काटकीसुद्धा उचलायची नाही हा जुन्या माणसांचा दंडक. त्या दंडकामुळे तिथला पाचोळा पिढ्यान्‌पिढ्या जागच्या जागी कुजतो आहे. भुईताऱ्याला याहून चांगलं घर सापडणार नाही.

वेळ म्हणाल तर आर्द्रा नक्षत्रापासून चवथीपर्यंत उमलण्याचे दिवस. पण पाऊस संपल्यावरही शोध सोडू नका. भुईतारा छत्रीच्या अळमीसारखा दोन दिवसांत विरघळत नाही. वाळून, फिका पडून, कधी कधी महिनोन्‌महिने जागेवर राहतो. दिवाळीनंतर रानात सापडलेली चामड्यासारखी वाळकी चांदणी बहुधा त्याचीच असते.

तो दुर्मीळ आहे का? काही जाती नक्कीच आहेत. त्याच्याच गोतात मायरिओस्टोमा नावाची बुरशी आहे, तिच्या पिशवीला एक सोडून अनेक भोकं असतात. इंग्लंडात ती १८८० नंतर कुणाला दिसली नव्हती. संपली असं सगळे धरून चालले होते. २००६ मध्ये सफोक परगण्यात ती पुन्हा सापडली. आणि नॉरफोक परगण्यात २००० साली एका निसर्गप्रेमी माणसाला रस्त्याच्या कडेला, पाइनच्या झाडांखाली, एक भुईतारा दिसला. ओळखीच्या जातीसारखा, पण थोडा वेगळा. पुढे डीएनए तपासला आणि २०१५ मध्ये ती विज्ञानाला अजिबात माहीत नसलेली जात ठरली. रस्त्याच्या कडेला! ज्या देशात पिढ्यान्‌पिढ्या माणसं बुरशा गोळा करून त्यांच्या नोंदी ठेवत आली, तिथे ही गत. मग आपल्या डिचोलीत, पेडण्यात, सत्तरीत पाचोळ्याखाली काय काय असेल! जगात आजवर नावं दिलेल्या बुरशा दीड लाखांच्या आसपास आहेत. २०१७ मध्ये हॉक्सवर्थ आणि ल्यूकिंग या तज्ज्ञांनी अंदाज बांधला की प्रत्यक्षात त्या २२ ते ३८ लाख असाव्यात. म्हणजे नाव नसलेल्याच जास्त. गोवा विद्यापीठात डॉ. डी. जे. भट यांनी पश्चिम घाटातल्या डोळ्याला न दिसणाऱ्या बुरशांवर आयुष्य वेचलं, डॉ. नंदकुमार कामत यांनी गोव्याच्या अळम्यांवर संशोधन केलं आणि त्या वाचाव्यात म्हणून लोकांसाठी लिहिलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत देशभरातल्या बुरशा जतन करून ठेवणारा राष्ट्रीय संग्रह आहे. जाणकार आहेत. पण प्रत्येक बांबूच्या बेटाखाली ते येऊन बसू शकत नाहीत. तिथे तुम्ही आहात.

आता जे मला मनापासून सांगायचं आहे ते सांगतो. भुईतारा दुर्मीळ होतो तो कुणी तोडून नेला म्हणून नव्हे. त्याचा पाचोळा जातो म्हणून. काजूचा हंगाम यायच्या आधी बागायतीत झाडाखालचा पाला झाडून त्याला काडी लावतात, बोंडं दिसावीत म्हणून. अंगणात, रस्त्याच्या कडेला, देवळाच्या आवारातसुद्धा पाचोळ्याला कचरा समजून पेटवतात. आपल्या डिचोली तालुक्यानं खाणीही पाहिल्या आहेत. लोखंडाच्या दगडापर्यंत पोचायला वरची माती आधी खरवडून काढली, आणि त्या मातीबरोबर तिच्यातले सगळे तंतू गेले. मग त्या ढिगाऱ्यांवर ऑस्ट्रेलियन बाभळी लावल्या. लांबून हिरवं दिसतं. पण किंदळ, आंबा, बांबू, कुंभा यांच्या मिसळलेल्या पानांचा जो थर शंभर वर्षांत साचला होता, तो एकाच जातीच्या झाडांनी परत येत नाही. झाड लावता येतं. पाचोळा लावता येत नाही, तो साचू द्यावा लागतो.

"आजो, मग आम्ही काय करू?"

तुमच्या हातात पुष्कळ आहे. या पावसाळ्यात घरामागच्या एका कोपऱ्यातला पाचोळा झाडू नका, जाळू देऊ नका. आईला, काकीला सांगा की सापाची भीती असेल तर वाट आणि अंगण स्वच्छ ठेवू, पण माडाखालचा, आंब्याखालचा तेवढा तुकडा राखू. काजूच्या बागेत पाला बाजूला करावाच लागला, तर काडी न लावता झाडाच्या बुंध्याशी ढीग करून ठेवायला बाबांना सांगा. त्याची ओल झाडालाच मिळते. रानात जाल तेव्हा मोठ्यांबरोबर जा, काठीनं पाला हळूच बाजूला करा, पाहून झालं की पुन्हा पांघरा. तारा दिसला तर उपटू नका. बोटानं पिशवीला हलकेच एक टिचकी मारायला हरकत नाही, धूर उडेल, तेवढं बी तुमच्या हातून पेरलं जाईल. फोटो काढताना शेजारी एक नाणं ठेवा, म्हणजे आकार कळेल. वरून एक, बाजूनं एक, भोकाचा जवळून एक. कुठल्या झाडाखाली, कुठल्या तारखेला, माती की लाकूड, ते वहीत लिहा. आणि ती नोंद शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना, गुरुजींना दाखवा. त्यांच्याकडून गोवा विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांपर्यंत ती पोचवायला सांगा.